साबण, उटणे आणि काजळ परदेशी पाठवायचे आहे : परवानगी नेमकी कोणाची लागते?

खानापूरची साबणवाली

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी आणि माझ्या दोन जावा गेली चार वर्षे हाताने साबण करतो. खोबरेल, एरंडेल आणि आमच्याकडे ज्याला भिरंडेल म्हणतात ते कोकमाचे तेल, एवढ्यावरच आमचा साबण उभा आहे. दिवाळीच्या आधी उटणे होते आणि सासूबाई एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरतात. बेळगावातील प्रदर्शने, गोव्यातील दोन दुकाने आणि पुण्याच्या ओळखीच्या मागण्या यांवर आजवर निभावले.

यंदा माझ्या नणंदेने ब्रिटनमधील लेस्टरला नेलेल्या वड्या तिच्या ओळखीच्या एका दुकानदाराला आवडल्या आणि त्याने ३०० वड्यांची मागणी केली. त्याच सुमारास न्यू जर्सीतील एका मैत्रिणीने तिच्या मंडळाच्या दिवाळीसाठी उटणे आणि काजळ मागवले. बेळगावातील एका कुरिअर एजंटकडे चौकशी केली, तेव्हा त्याने सांगितले की खोक्यावर "हर्बल पावडर, गिफ्ट" एवढे लिहून किंमत कमी दाखवली की कोणी विचारत नाही. मला ते पटले नाही, परंतु योग्य मार्ग कोणता हेही नीट कळत नाही. आमच्याकडे उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक आहे. तेवढे पुरते का? माझ्या मावसभावाचा शिनोळीला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना असलेला छोटा कारखाना आहे. त्याच्या परवान्यावर आमचा माल पाठवता येईल का? ज्यांनी स्वतः माल पाठवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निर्यातीची फाईल

ताई, मी बेळगावात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो. त्यामुळे परदेशातील नियमांकडे जाण्यापूर्वी आपल्याच दारातील गोष्ट सांगणे मला भाग आहे, आणि ती कदाचित आपल्याला आवडणार नाही. उद्यम नोंदणी आणि जीएसटी हे दोन्ही कागद व्यवसायाची ओळख सांगतात. साबण तयार करण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९८२ च्या दुरुस्तीपर्यंत साबण व्याख्येच्या बाहेर होता, त्यानंतर तो आत आला. विक्रीसाठी अंगाचा साबण किंवा उटणे तयार करायचे असेल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे सीओएस-५ नमुन्यात अर्ज करावा लागतो आणि परवाना सीओएस-८ नमुन्यात मिळतो. हा नियम निर्यातीपुरता नाही. बेळगावच्या प्रदर्शनात विकलेल्या वडीलाही तो लागू आहे. घरगुती उद्योगांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते आणि कोणी विचारलेले नसते, म्हणून चालून जाते. निर्यातीच्या वेळी मात्र बँक, खरेदीदार आणि समोरचा देश असे तिघेही तोच कागद मागतात.

शिनोळीचा प्रश्न आपण विचारलात ते बरे झाले, कारण आपल्या भागातील अर्ध्या लोकांचा इथेच गोंधळ होतो. परवाना माणसाला मिळत नाही, जागेला मिळतो. खानापूरच्या पडवीत केलेल्या साबणावर शिनोळीचा परवाना क्रमांक छापणे म्हणजे सरळ खोटे लेबल होय. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर असली, तरी ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येते, आणि खानापूर कर्नाटकाच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असेल, परवान्याच्या कागदाला मात्र सीमा अगदी चोख कळते. आपल्यापुढे दोन वाटा आहेत. पडवी नियमाप्रमाणे सुधारून, औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण असलेली जबाबदार व्यक्ती नेमून स्वतःचा परवाना घेणे, ही पहिली. दुसरी वाट अशी की, भावाच्या कारखान्यात, त्याच्याच यंत्रांवर आणि त्याच्याच तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली माल तयार करून घ्यायचा आणि त्यासाठी महाराष्ट्राकडे सीओएस-६ नमुन्यात अर्ज करून लोन लायसन्स घ्यायचे. दुसरी वाट लवकर होते. अट एकच : माल खरोखर शिनोळीत तयार झाला पाहिजे.

बाकीचे कागद तुलनेने सोपे आहेत. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून ५०० रुपये शुल्कात मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, माहितीत काही बदल नसला तरीही, तो अद्ययावत करावा लागतो. जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी आरएफडी-११ नमुन्यात हमीपत्र द्यावे लागते आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. ३०० वड्यांसारखा लहान माल कुरिअरने पाठवताना सीएसबी-५ या विवरणपत्राखाली जातो, ज्याची मर्यादा २०२३ च्या विदेश व्यापार धोरणात पाच लाखांवरून दहा लाख रुपयांवर गेली. टपालाने पाठवायचा असेल, तर डाक घर निर्यात केंद्रातून ऑनलाइन निर्यातपत्र भरता येते. त्यासाठी मुंबईला किंवा बंगळुरूला खेटे घालावे लागत नाहीत.

एजंटाच्या सल्ल्याविषयी एवढेच सांगतो की, "गिफ्ट" म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मोबदल्याशिवाय पाठवलेली वस्तू. दुकानदाराने पैसे देऊन मागवलेल्या ३०० वड्या भेट ठरू शकत नाहीत. शिवाय "हर्बल पावडर" असे मोघम लिहिले, की तो वनस्पतींचा कच्चा माल समजून रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र मागितले जाण्याची शक्यता असते, म्हणजे नसती आफत ओढवून घेतल्यासारखे होते. जकातीसाठी मालाचे जे क्रमांकवार वर्गीकरण असते, त्यात साबण ३४०१ या शीर्षाखाली, उटणे ३३०४ खाली आणि काजळ त्याच ३३०४ मधील डोळ्यांच्या प्रसाधनांच्या उपशीर्षाखाली जाते. जे आहे ते लिहावे. किंमतही खरी लिहावी, कारण पैसे बँकेत आल्यावर त्याच आकड्याशी जुळवणी होते.

उद्यमबागचा साबण

वरील प्रतिसादाला पूर्ण सहमती दर्शवून पुढचा भाग लिहितो. मी बेळगावात परवान्यासह साबण करतो आणि माझा थोडा माल जर्मनीला जातो.

माझी पहिली खेप, ६० वड्यांची, जर्मनीत अडली आणि शेवटी नष्ट करण्यात आली. साबणात काही दोष नव्हता. वेष्टणावर माझा बेळगावचा पत्ता ठळक होता, परंतु युरोपीय संघातील कोणाचाही पत्ता नव्हता. तिथल्या कायद्याचे मर्मच ते आहे आणि मला ते कोणी सांगितले नव्हते. युरोपीय संघाचा १२२३/२००९ हा नियम ११ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक सौंदर्यप्रसाधनामागे संघाच्या हद्दीत राहणारी एक "जबाबदार व्यक्ती" असावी लागते, तिचे नाव आणि पत्ता वेष्टणावर छापावा लागतो, आणि माल बाजारात येण्यापूर्वी तिने त्याची सूचना संघाच्या पोर्टलवर द्यावी लागते. सूचनेला शुल्क नाही. ब्रिटनची पद्धत जवळपास हीच आहे, परंतु १ जानेवारी २०२१ पासून त्यांचे पोर्टल वेगळे आणि जबाबदार व्यक्तीही ब्रिटनमधीलच हवी. त्यामुळे जर्मनीची कागदपत्रे लेस्टरला दाखवून उपयोग होत नाही.

ताई, तुमच्या बाबतीत इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तुमच्याकडून माल विकत घेऊन तो ब्रिटनच्या बाजारात आणणारा दुकानदार हा आयातदार ठरतो, आणि लेखी करार करून दुसऱ्या कोणाला नेमले नसेल, तर आयातदार आपोआप जबाबदार व्यक्ती होतो. ३०० वड्या मागताना त्याला हे ठाऊक होते का, हे त्याला स्पष्ट विचारा. नणंदबाईंनाही कायद्याने ती जबाबदारी घेता येते, परंतु तेव्हा त्यांच्या घराचा पत्ता प्रत्येक वडीवर छापला जाईल, एखाद्याच्या अंगाला खाज आली तर पत्र त्यांच्या दारात येईल, आणि उत्पादनाची फाईल शेवटची बॅच बाजारात गेल्यापासून दहा वर्षे त्यांना सांभाळावी लागेल. नात्यातल्या माणसावर हे ओझे टाकताना दोनदा विचार करावा, असे माझे मत आहे.

त्या फाईलचा गाभा म्हणजे सुरक्षितता अहवाल. तो औषधनिर्माणशास्त्र, विषविज्ञान किंवा वैद्यक अशा विषयांतील मान्य पदवीधारक तज्ज्ञाकडून करून घ्यावा लागतो, आणि तो तज्ज्ञ प्रत्येक घटकाचे टक्केवारीतील प्रमाण मागतो. "अंदाजे एक वाटी" तिथे चालत नाही. आमच्या घरी आईच्या हाताचे माप होते. ते ग्रॅममध्ये आणायला मला दोन महिने लागले, कारण प्रत्येक वेळी तिची वाटी वेगळी भरत असे.

माझ्या अहवालात दुसरी अडचण वासाची निघाली. बाजारातून सुटा आणलेला मोगऱ्याचा सुवास मी वापरत होतो. तज्ज्ञाने त्याचा तपशील मागितला, तेव्हा विक्रेत्याकडे काहीच नव्हते. दुसऱ्या पुरवठादाराकडून कागद मिळाला, तर त्यात लिलियल नावाचे सुगंधी रसायन होते, ज्यावर युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून पूर्ण बंदी आहे. त्याखेरीज लिनालूल, लिमोनीन यांसारखे ॲलर्जी आणू शकणारे सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास वेष्टणावर नावानिशी लिहावे लागतात. ही यादी आधी २६ नावांची होती, २०२३ च्या दुरुस्तीने ती ८० च्या घरात गेली आहे, आणि नव्या उत्पादनांना तिची अट ३१ जुलै २०२६ पासून लागू होते. निसर्गातून आलेले सुगंधी तेल यातून सुटते, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. लिंबाच्या आणि गवती चहाच्या तेलातही हेच घटक असतात. म्हणून पहिली खेप बिनवासाची पाठवा, असा माझा आग्रह राहील. बिनवासाच्या साबणाचा अहवाल सोपा होतो, आणि भिरंडेलाचा स्वतःचा मंद वास तसाही वाईट नाही.

वजनाची गोष्ट राहिली. थंड पद्धतीने केलेला साबण चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो आणि त्यानंतरही त्यातले पाणी हळूहळू उडत राहते. आमच्या पावसाळ्यात १०० ग्रॅमची वडी महिनाभर तशीच राहते आणि फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत ९३ ग्रॅमवर येते. युरोपात पॅक करतानाचे वजन छापतात, म्हणून पूर्ण मुरण्यापूर्वी वेष्टण घालू नये.

खानापूरची साबणवाली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पडवीचे वाचून थोडी धास्ती वाटली हे कबूल करते, परंतु आज कळले हे बरे झाले. आजच भावाशी बोलले. शिनोळीत लोन लायसन्सवर माल करण्यास त्याची तयारी आहे. लेस्टरच्या दुकानदारालाही विचारले, तर जबाबदार व्यक्ती म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हते; तो माहिती काढून कळवणार आहे.

आता अमेरिकेचे कसे करावे? मैत्रिणीचे म्हणणे असे की, अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांना आधी मंजुरी लागत नाही, म्हणून उटणे आणि काजळ बिनदिक्कत पाठवावे. सासूबाईंचे काजळ शुद्ध आहे, त्यात काहीही मिसळलेले नाही.

निपाणीचा, सध्या न्यू जर्सीत

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. इथल्या अन्न व औषध प्रशासनाची आधी मंजुरी लागत नाही, याला रंग हा एक मोठा अपवाद आहे. सौंदर्यप्रसाधनात वापरायचा रंग मंजूर यादीतलाच असावा लागतो, आणि काजळ, सुरमा, कोहल ही त्या यादीत नाहीत. या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक मालांत शिसे सापडल्यामुळे त्यांच्यावर बंदरावरच नजर असते. सासूबाईंच्या काजळात शिसे नसेलही, मात्र दिव्याची काजळी मंजूर यादीत नाही, म्हणून शुद्धतेचा प्रश्नच तिथे येत नाही. काजळ पाठवू नये. मेंदीचेही असेच आहे. केसांसाठी ती चालते, हाताला लावण्यासाठी म्हणून पाठवली तर ती नियमबाह्य ठरते.

साबणाची गोष्ट याउलट आहे. तेल आणि कॉस्टिक यांच्यापासून बनलेला साबण फक्त "साबण" म्हणून आणि फक्त स्वच्छतेसाठी विकला, तर तो इथे सौंदर्यप्रसाधनात मोडतच नाही. त्याच वडीवर "त्वचा मऊ करतो" असे छापले, की तो सौंदर्यप्रसाधन होतो. आणि "मुरुमे घालवतो" किंवा "खरूज बरी करतो" असे छापले, तर तो औषध होतो, म्हणजे मग आपल्या हाताबाहेरचा खेळ. आपल्याकडच्या वेष्टणांवर पाच-सहा रोगांची नावे सहज दिसतात, म्हणून मुद्दाम लिहितो. एकाच पातेल्यातली वडी वेष्टणावरच्या एका ओळीने कायद्याच्या तीन वेगवेगळ्या खणांत जाते.

उटणे हे सरळ सौंदर्यप्रसाधन आहे. त्याला २९ डिसेंबर २०२२ रोजी संमत झालेला नवा कायदा लागू होतो, ज्यात कारखान्याची नोंदणी आणि उत्पादनांची यादी देणे आले. ज्यांची अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधनांची वार्षिक विक्री तीन वर्षांच्या सरासरीने १० लाख डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांना यातून सूट आहे, आणि आपण त्यात बसता. डोळ्यांच्या आतल्या भागाला लागणाऱ्या वस्तूंना ही सूट नाही, म्हणजे काजळ इथेही बाहेर पडते. सूट असली तरी दुष्परिणाम कळवण्यासाठी अमेरिकेतील पत्ता, तिथला फोन किंवा संकेतस्थळासारखे संपर्काचे साधन वेष्टणावर असावेच लागते, आणि गंभीर दुष्परिणामाची तक्रार कामाच्या १५ दिवसांत कळवावी लागते.

जकातीचेही सांगून ठेवतो. ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल करमुक्त येण्याची सोय २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, आणि त्या गडबडीत आपल्या टपाल खात्यानेही अमेरिकेची बहुतेक पार्सले स्वीकारणे काही काळ थांबवले होते. दर वरचेवर बदलतात, म्हणून मंडळाकडून पैसे घेण्यापूर्वी त्या आठवड्याचा दर कुरिअरकडून लेखी घ्यावा. जकात मंडळ भरणार की आपण, हेही तेव्हाच ठरवून टाकावे. नाहीतर खोके दारात आणि वाद फोनवर, असा प्रकार होतो.

उद्यमबागचा साबण

उटण्याविषयी एक राहिले होते. कपूरकचरी, नागरमोथा, आवळा, वाळा हे सगळे जमिनीतून आणि झाडावरून येते, उन्हात वाळते आणि गिरणीत दळले जाते, त्यामुळे त्यात जिवाणू आणि बुरशी यांची संख्या साबणाच्या तुलनेत कितीतरी जास्त असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साधारण प्रसाधनात एका ग्रॅममागे १००० पर्यंत चालते. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या वस्तूत केवळ १००. माझ्या एका परिचितांचे उटणे पहिल्याच तपासणीत नापास झाले आणि दोष निघाला गिरणीचा, कारण त्याच जात्यातून आदल्या दिवशी मिरची-हळद गेली होती. त्यांनी पुढे स्वतःची छोटी चक्की घेतली आणि दळलेला माल किरणप्रक्रियेसाठी पाठवण्यास सुरुवात केली. तुम्ही उटणे पाठवण्यापूर्वी जिवाणू आणि जड धातू यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. अहवाल बॅचवार असावा. एकदा केलेला कागद जन्मभर पुरत नाही.

हुक्केरी ते दुबई

आखाताचा प्रश्न इथे कोणी विचारलेला नाही, तरी पुढे उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू असल्याने उगमाचे प्रमाणपत्र जोडले की बऱ्याच मालाला जकातीत सवलत मिळते, आणि त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की माल सरळ जाईल. जकात माफ होणे वेगळे आणि विक्रीची मुभा मिळणे वेगळे. दुबईत प्रत्येक उत्पादनाची नगरपालिकेच्या माँताजी प्रणालीत आधी नोंदणी लागते आणि ती तिथला व्यापार परवाना असलेली कंपनीच करू शकते.

खानापूरची साबणवाली

सर्वांच्या सल्ल्यानंतर घरात बसून ठरवले, ते कळवते. लेस्टरला फक्त एक, बिनवासाचा भिरंडेलाचा साबण पाठवायचा, तोही शिनोळीत तयार करून आणि दुकानदाराने जबाबदारी लेखी घेतल्यावरच. अमेरिकेचे उटणे यंदाच्या दिवाळीला जमणार नाही, असे मैत्रिणीला कळवले. ती नाराज झाली, पण समजली. सासूबाईंना काजळाचे कारण सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की, तुमच्या नवऱ्याच्या डोळ्यांत चाळीस वर्षांपूर्वी हेच घातले होते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

एक शंका उरली आहे. उटण्याची २,००० पाकिटे आधीच छापून घरात पडली आहेत आणि त्यांवर "बाळाच्या अंघोळीसाठी उत्तम" अशी मोठी ओळ आहे. त्या ओळीवर स्टिकर लावून तीच पाकिटे पुढच्या वर्षी अमेरिकेला पाठवता येतील का?

निर्यातीची फाईल

ताई, ती पाकिटे परदेशी मालासाठी वापरू नयेत. स्टिकर निघाला की ओळ दिसते, आणि ओळ दिसली की माल लहान मुलांचा म्हणून तपासला जातो, म्हणजे वर लिहिलेली १०० ची मर्यादा लागू होते. शिवाय त्या पाकिटांवर परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक यांची जागाच नसणार. परवाना हाती आल्यावर नव्याने छापा, आणि पहिल्या छपाईला ५०० च्या वर जाऊ नका. पहिले वेष्टण कोणाचेही बरोबर येत नाही. माझ्या कपाटात अशा चुकलेल्या नमुन्यांची एक अख्खी फाईल आहे.